खाटेशेजारचं बेसिन

तुम्हाला ठाऊक होतं. इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर काचेच्या दाराआड बसून चहा गार होईपर्यंत फोनवर बोलणाऱ्या तुम्हा लोकांना पक्कं ठाऊक होतं, त्या खाटेशेजारच्या बेसिनच्या पोटात काय राहतंय ते. ठाऊक असून तुम्ही तिथं एक चिकटपट्टी मारलीत, तिच्यावर 'बंद आहे' एवढंच लिहिलंत आणि हातभर अंतरावर एका म्हाताऱ्या माणसाची खाट लावून मोकळे झालात. याला निष्काळजीपणा म्हणत नाहीत. निष्काळजी माणसाला निदान ठाऊक तरी नसतं.

पण थोरल्या अक्काला त्या सकाळी यातलं काही कळलेलं नव्हतं. त्या सकाळी अधीक्षकांनी तिघा भावंडांना व्हरांड्यातच गाठलं आणि खालच्या आवाजात, एखाद्याचं लग्न मोडल्याचं कळवावं तसं सांगितलं, की तुमच्या वडिलांच्या मांडीत जो जंतू शिरलाय त्याला नेहमीची औषधं लागू पडत नाहीत. सगळी देऊन झाली. आणि हा जंतू तुमच्या धाकट्या भावामुळे आलाय.

"माझ्यामुळे?" पाना म्हणाला.

धाकट्याचं नाव काहीही असो, घरात आणि गिऱ्हाइकांत तो पानाच. अंगावर शर्ट नसला तरी चालेल, पण खिशात नळ खोलायचा पाना नसला तर या माणसाला उघडं वाटायचं.

"वॉर्डातलं बेसिन तुम्ही खोललंत की नाही?"

"खोललं. चोंदलं होतं. नर्सबाईंनी वर कौतुक केलं."

"झालं तर मग." अधीक्षकांनी हात झटकले. "इस्पितळाच्या वस्तूला नातेवाइकांनी हात लावायचा नसतो. अहवालात तसं जाईल."

बेसिनचा प्रकार घरात सगळ्यांना ठाऊक होता. लपवण्यासारखं त्यात होतं काय? शिडीवरून पडून अण्णांच्या खुब्याचं हाड मोडलं, तिथं धातूचा सांधा बसवला, ऑपरेशन झकास झालं. त्रास होता तो उशाशी असलेल्या बेसिनचा. कुणी पाणी सोडलं की ते घशात घास अडकल्यासारखं गुडगुडायचं. चिकटपट्टी होती, पण तिचं एक टोक केव्हाच सुटलेलं. दुसरं बेसिन पार वॉर्डाच्या त्या टोकाला, मग कोण जातंय तिकडे? नर्सा तिथंच हात धुवायच्या, नातेवाईक कप विसळायचे, सलाइनमधलं उरलंसुरलं तिथंच ओतलं जायचं. आणि अण्णा! उभा जन्म नळ आणि सांडपाण्यात गेलेला माणूस. 'नळवाल्याच्या उशाशी चोंदलेलं बेसिन? उद्या लोक तोंडात शेण घालतील,' म्हणून त्यांनी पानाला कामाला लावलं.

पानाने बेसिनखालचा ट्रॅप खोलला. ट्रॅप म्हणजे ती वाटीसारखी बुडाची डबी, जिच्यात पाणी साचून राहतं. आतला काळा, बुळबुळीत गाळ बादलीत काढला. आणि मग त्याने तेच केलं, जे या घरात आजोबांपासून चालत आलं होतं. जो भाग खोलला तो वडीलधाऱ्याच्या हातात द्यायचा. वडीलधाऱ्याने तो फिरवून बघायचा, अंगठ्याने खरवडायचा, वास घ्यायचा आणि 'लाव' म्हणायचं. तोवर काम झालं असं कुणी मानायचं नाही. अण्णांनी ट्रॅप फिरवला, खरवडला, हुंगला. 'हा साबणाचा गाळ नव्हे रे,' म्हणाले, 'निराळंच काहीतरी आहे. लाव.' आणि त्याच हाताने त्यांनी खाजणारी मलमपट्टी वर सरकवली.

पानाला हे आत्ता, व्हरांड्यात उभ्याउभ्या आठवलं. अक्काने ते त्याच्या चेहऱ्यावर उमटताना पाहिलं. तो जिन्याकडे वळला आणि पायरीवर जाऊन बसला.

"बघितलंस?" शेठ म्हणाला. मधला भाऊ. नळांच्या दुकानाच्या वर त्याने स्वतःसाठी एक केबिन काढली, तेव्हापासून अण्णा त्याला शेठ म्हणू लागले आणि ते नाव त्याला चिकटलं. "मी किती वेळा म्हणालो, जिथं तिथं पाना चालवू नकोस."

"तू म्हणालास?" अक्का फिरली त्याच्यावर. "तू तर त्या दिवशी आलाच नव्हतास. मिटिंग होती तुला."

"अक्का, तू मध्ये पडू नकोस."

"मध्ये तू जन्मलास. मी सगळ्यांत आधी आलेय."

शेठने तिला खिडकीपाशी ओढून नेलं. "ऐक. आता फक्त एकच औषध उरलंय. ते इथं मिळत नाही, बाहेरून मागवावं लागतं. अधीक्षक म्हणतात, ते स्वतः फोन करतील. फक्त अहवालावर आपण हरकत घ्यायची नाही. 'नातेवाइकांचा हस्तक्षेप' असं जाऊ द्यायचं. बास."

"आणि पाना?"

"पानाला कुणी फासावर देतंय का? चार ओळी आहेत कागदावर. इकडे अण्णा जातायत, आणि तू कागदाचं काय घेऊन बसलीस?"

अक्काचा सगळ्यात मोठा वैताग हाच होता, की शेठ वाईट बोलत नव्हता. मूर्ख बोलला असता तर तिने त्याला सोलून काढलं असतं. पण तो बरोबर बोलत होता आणि तरी त्यात काहीतरी नासकं होतं, दुधाचा रंग पांढराच असावा पण नाकाला कळावं तसं. तिला त्याच्यावर संताप आला, पानावर आला, अण्णांवर तर भलताच आला. कुणी सांगितलं होतं वास घ्यायला? इस्पितळात पडलेल्या माणसाने पडून राहावं! पण नाही. या घरात पडून राहणं म्हणजे पाप.

"अहो, ते औषध फोन केला तरच येणार का?" वहिनी म्हणाली. शेठची बायको. एरवी ती नवऱ्याच्या सुरात सूर मिसळायची, म्हणून अक्काने चमकून पाहिलं. "म्हणजे, आपण हरकत घेतली तर नाही येणार?"

"तसं कोण म्हणालं?"

"तुम्हीच म्हणालात आत्ता."

"मी तसं नाही म्हणालो."

"मग काय म्हणालात?"

शेठ खिडकीची कडी लावू-काढू लागला. वहिनीने थर्मास उचलला, तो रिकामा आहे हे पाहिलं आणि परत ठेवला.

अण्णांना आता एकट्या खोलीत हलवलं होतं. आत जायचं तर हातमोजे, वरून पिवळा झगा, तोंडाला पट्टी. एरवी कुणी त्या झग्यात पाहिलं असतं तर अण्णा पोट धरून हसले असते. आज त्यांनी फक्त डोळे फिरवले. ताप होता. ओठ सुकलेले. पण आवाजाला काही झालेलं नव्हतं.

"ही कोण मंडळी? रंग मारायला आलीत का?"

"अण्णा, डॉक्टर आल्यात," अक्का म्हणाली.

संसर्गाच्या त्या डॉक्टरीणबाई वयाने पानाहूनही लहान असाव्यात. नाकावर पट्टीचा वळ उमटलेला, डोळ्यांत झोप नाही. त्यांनी सरळ विषयाला हात घातला. जंतू धातूच्या सांध्यावर जाऊन बसलाय. तिथं तो स्वतःभोवती बुळबुळीत थर करून राहतो, औषध आत पोचत नाही. सांधा काढावा लागेल. जखम धुवावी लागेल. वर ते शेवटचं औषध, जे मूत्रपिंडांवर घाव घालतं, आणि यांची मूत्रपिंडं आधीच दमलेली आहेत. सांध्याशिवाय काही महिने काढावे लागतील. चालणं पुढे कितपत, ते आत्ता सांगता येत नाही.

"आणि नाही काढला तर?" शेठने विचारलं.

"तर जंतू रक्तात जाईल. आज ऑपरेशन व्हायला हवं. संध्याकाळपर्यंत थांबणंसुद्धा मला पसंत नाही."

अण्णा ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, बुळबुळीत थर म्हणालात ना? काळपट?"

"नळीत असतो तेव्हा, हो."

"म्हणजे तो ट्रॅपमधलाच."

पाना दारातच थांबला होता. त्याचा झगा उलटा घातलेला होता आणि ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी मागे दाराकडे पाहिलं. दार लागलेलं होतं. "ट्रॅपमधला असू शकतो," त्या म्हणाल्या. "त्या बेसिनात उरलेली औषधं ओतली जातात. सलाइनच्या बाटल्या, इंजेक्शनमधलं उरलेलं, सगळं. खाली नळीत बसलेला जंतू ते रोज थोडं थोडं चाखतो. मरण्याइतकं मिळत नाही त्याला, शिकण्याइतकं मिळतं."

"म्हणजे आम्ही ज्याला गाळ म्हणतो, त्याला तुम्ही शाळेत घातलंत," अण्णा म्हणाले. "आणि फी मी भरतोय."

कुणालाही हसू आलं नाही, पण डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत काहीतरी हललं.

"मग मीच," पाना दारातून म्हणाला. "मीच खोललं. मीच त्यांच्या हातात दिलं."

"ते मला सांगता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुणालाच सांगता येणार नाही. ट्रॅप हातात घेणं वाईटच झालं, मी खोटं बोलणार नाही. पण त्या बेसिनात नळ सोडला की थेट भोकावर धार पडते आणि शिंतोडे खाटेपर्यंत उडतात. यांच्या आधी त्याच खाटेवर दोघांना हाच जंतू झालाय."



"दोघांना," अक्का म्हणाली. "त्यांच्या घरचेही नळवाले होते का?"

"नाही."

"त्यांनी बेसिन खोललं होतं?"

"नाही. कुणीच खोललं नव्हतं."

"आणि तुम्हाला हे माहीत होतं?"

डॉक्टरीणबाईंनी श्वास सोडला. "मी नळीतला गाळ तपासायला पाठवला. अहवाल आला तसा वर सांगितलं. बेसिन काढून टाका, भिंतीतलं तोंड बुजवा आणि ती खाट हलवा. मी नळवाला मागितला होता. त्यांनी चिकटपट्टीवाला पाठवला." मग आवाज आणखी खाली गेला. "मी वॉर्डात येऊन स्वतः नर्सांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. वरून म्हणाले, आम्ही बघतो."

"आणि ते औषध?" शेठचा आवाज एकाएकी कोरडा झाला. "अधीक्षकांनी फोन केल्याशिवाय येणार नाही, ते?"

"कोण म्हणालं? ते मी कालच मागवलंय. आलंसुद्धा. खाली फ्रीजमध्ये आहे."

शेठने तोंडावरची पट्टी ओढून हनुवटीवर घेतली, ते चालत नाही हे विसरून. डॉक्टरीणबाईंनी ती हातानेच परत वर केली. शेठच्या कानशिलाची शीर उडताना अक्काला दिसली. आपल्याच बापाचं औषध आपल्याला कुणीतरी विकायला काढलं होतं, आणि आपण पिशवी घेऊन उभे होतो, हे कुठल्याही धंदेवाल्या माणसाला सोसवत नाही.

"चला, मग ठरलं," अक्का म्हणाली. "अण्णा, ऑपरेशनला हो म्हणा."

"नाही."

"काय?"

"नाही म्हणालो. आधी मला कळू दे. खाट तिथं कुणी ठेवली, का ठेवली. वरचा साहेब इथं येऊन माझ्यासमोर बोलेल, मग चाकू लावा."

"अण्णा, ताप डोक्यात गेलाय तुमच्या!"

"डोकं शाबूत आहे. एकदा मला झोपवलंत की तुम्ही सगळे गप्प बसाल. हा शेठ तर आत्ताच निम्मा गप्प बसला होता." शेठने मान खाली घातली. "आणि हे माझं पोरगं जन्मभर स्वतःला खात बसेल, की मी बापाला मारलं. मी मेलो तर मेलो. पण त्याच्या डोक्यावर हा धोंडा ठेवून मी जाणार नाही."

पाना झटकन भिंतीकडे वळला. झग्याच्या पाठीवरची बटणं पुढे आलेली, ती त्याने मुठीत धरून ठेवली.

अक्काला वाटलं, या म्हाताऱ्याला धरून गदागदा हलवावं. एवढं शहाणपण, आणि तेही नेमकं चुकीच्या वेळी! पाइप फुटलाय, घरात पाणी भरतंय, आणि हा म्हणतो, आधी सांगा पाइप कुणी बसवला.

तिने तेच त्यांना ऐकवलं.

"अण्णा, पाइप फुटला तर तुम्ही आधी काय करता? चौकशी?"

अण्णांनी तोंड फिरवलं.

"बोला ना."

"आधी मेन कॉक बंद करतो," अण्णा नाइलाजाने म्हणाले.

"मग करू द्या यांना. पायात फुटलंय ते बंद करू द्या. उत्तर मी आणते. तुम्ही शुद्धीवर याल तेव्हा ते माझ्याजवळ असेल. साहेबाचं, त्याच्या तोंडचं."

"नाही आणलंस तर?"

"तर तुमची लेक म्हणून मला हाक मारू नका."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. झगा, मोजे, पट्टी, नुसते डोळे दिसत होते तिचे. मग त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे मान वळवली. "काढा. पण जो सांधा काढाल तो फेकू नका. आधी या धाकट्याच्या हातात द्या, बघू दे त्याला."

"तो हातात देता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"लांबून तरी दाखवा," अण्णा कुरकुरले. पाना भिंतीकडे तोंड करूनच हसला, की रडला, ते अक्काला कळलं नाही.

अण्णांची खाट ढकलत नेली, दारं मिटली, आणि मग सगळे एकमेकांवर उखडले. शेठ म्हणाला, वकील गाठतो. पाना म्हणाला, मी आत्ता वर जाऊन त्याची कॉलर धरतो. अक्का म्हणाली, दोघेही गप्प बसा, तुमच्या वकिलाला आणि कॉलरला अण्णांचं उत्तर विचारायचं सुचणार नाही. एवढ्यात वहिनी जिन्यावरून धावत आली. जुन्या वॉर्डातल्या कपाटात अण्णांची चादर राहिली होती, ती आणायला म्हणून ती गेली होती. चादर तिच्याजवळ नव्हती.

"अक्का, त्या खाटेवर कुणीतरी आहे."

"कुठल्या खाटेवर?"

"आपल्या अण्णांच्या. बेसिनशेजारच्या. पोट कापलेली बाई आहे, काल आलीय. तिची बहीण त्याच बेसिनात तिचा कप विसळतेय. चिकटपट्टी तशीच."

मग शेठने, ज्याने सकाळपासून 'कागदावरच्या चार ओळी' असं चारदा म्हटलं होतं, त्याने बायकोचा हात धरला. "तू परत जा तिथं. बेसिनसमोर उभी राहा. कुणालाही नळ सोडू देऊ नकोस."

"आणि विचारलं तर काय सांगू? खरं सांगू?"

"अक्का आणि मी वर अधीक्षकांना विचारून येईपर्यंत नुसती उभी राहा. एवढा वेळ त्यांना द्यायचा," शेठ म्हणाला. मग अक्काकडे वळला, "पण फार नाही द्यायचा हां."

"एवढा वेळ मला गप्प राहिलेली तुम्ही कधी पाहिलंय?" वहिनी म्हणाली आणि गेली. पाना तिच्या मागोमाग गेला. जाताना त्याने खिशातून पाना काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि शेठच्या हातात दिला.

वरच्या मजल्यावर कुंड्या होत्या, पुसलेली फरशी होती आणि हात धुवायला लखलखीत बेसिन होतं. अक्काने ते पाहिलं. पाणी झुळझुळ जात होतं, आवाज नाही. इथला ट्रॅप कुणीतरी वेळच्या वेळी साफ करत होतं.

अधीक्षकांनी दोघा भावंडांना खुर्च्या दाखवल्या. कुणी बसलं नाही.

"तुमच्या भावाशी सकाळी बोलणं झालंय," ते शेठकडे मान हलवून अक्काला म्हणाले. "औषधाचं मी—"

"औषध खालच्या फ्रीजमध्ये आहे," शेठ म्हणाला. "कालपासून."

अधीक्षकांनी पेन उचललं, ठेवलं. मग मोठा माणूस लहानाशी बोलतो तसा आवाज काढला. "हे बघा, तुम्ही तापलेले आहात, मी समजू शकतो. इस्पितळात जंतू असायचेच. जगातल्या प्रत्येक इस्पितळात असतात."

"असतात. मी जंतूचं भांडण घेऊन आलेले नाही," अक्का म्हणाली. "जंतू त्याचं काम करतो. बेसिन बंद का केलंत?"

"काही तांत्रिक कारणं—"

"कुठली?"

"खबरदारी म्हणून."

"कशापासून खबरदारी? चिकटपट्टीवर 'बंद आहे' लिहिलंत. का बंद, ते का नाही लिहिलं?"

"आणि वॉर्डभर घबराट पसरू द्यायची? लोक खाटा सोडून पळाले असते, ताई. तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं?"

"पळू द्यायला हवं होतं," अक्का म्हणाली. "पाय शाबूत होते तोवर."

अधीक्षक खिडकीबाहेर पाहू लागले. "समिती नेमतो. चौकशी होईल. तुमच्या भावाचा उल्लेख मी वगळतो, झालं? एवढं मी करू शकतो."

सकाळी हेच वाक्य ऐकलं असतं तर अक्काने त्यांचे पाय धरले असते. आता तिला ते हातात ठेवलेल्या खोट्या नाण्यासारखं वाटलं. तिने टेबलावर दोन्ही हात टेकले.

"माझ्या भावाचा उल्लेख राहू द्या. त्याने ट्रॅप खोलला, अण्णांच्या हातात दिला, लिहा. खरं आहे ते. पण त्याच्या वर, आधीच्या दोघांचंही लिहा. आणि खाट का हलवली नाही, तेही लिहा. माझा बाप शुद्धीवर येईल तेव्हा त्याला हे मला सांगायचंय. पण ते नंतर. आधी दुसरं."

"दुसरं काय?"

"आत्ता त्या खाटेवर एक बाई आहे. पोट कापलेली. माझी वहिनी तिच्या बेसिनसमोर उभी आहे आणि ती बाई विचारत असणार, तुम्ही इथं का उभ्या आहात. वहिनी गप्प आहे, कारण आधी तुम्हाला विचारायचं असं आम्ही ठरवलं. साहेब, घबराट नको म्हणालात ना? चला खाली. तुमच्या तोंडाने, तुमच्या शब्दांत सांगा तिला. नाहीतर मी सांगते. दोघांपैकी कोण सांगणार? खिडकीबाहेर नका बघू. माझ्याकडे बघा आणि उत्तर द्या."